डाव्या चाकाचे किशन मिस्त्री

गॅरेजमध्ये गाडी सोडली की घरातलं कुणीतरी तिच्याजवळ बसवायचं, ही आमच्या बालाजीमामाची पद्धत. मिस्त्री लोक चांगला पार्ट काढून घेतात आणि त्याजागी जुना घालतात, असं त्याचं ठाम मत होतं. एरवी या राखणीला तो स्वतः बसायचा. पण त्या उन्हाळ्यात मामी बाळंतीण होती, मामा दिवसभर पाण्याच्या मागे पळत होता, आणि मी बी.एस्सी.ची शेवटची परीक्षा देऊन नांदेडहून उदगीरला मामीच्या मदतीसाठी आले होते. मला बाळाला नीट धरता येत नाही आणि भाकरी तर मुळीच येत नाही, हे दोन दिवसांत सगळ्यांच्या लक्षात आलं. म्हणून राखणीला मी.

"मिस्त्री काय काढतो, काय घालतो, तेवढं बघत बस. बोलायचं काही काम न्हाई," मामा म्हणाला.

बोलायचं काम नाही हे ऐकून मी लगेच तयार झाले.

गॅरेज नांदेड रोडला होतं. पत्र्याची शेड, पुढे लिंबाचं झाड, झाडाखाली एक निळी प्लास्टिकची खुर्ची. दारावर पाटी होती : 'किशन ब्रेकवाले, नांदेड रोड, उदगीर, जि.' आणि पुढे मोकळी जागा. पेंटर पळून गेला असेल असं मला वाटलं. नंतर कळलं की ती जागा मिस्त्रींनी मुद्दाम सोडायला लावली होती. उदगीर जिल्हा होणार, आज होणार, उद्या होणार, असं इतकी वर्षं चाललं होतं की लातूरचं नाव घालून पुन्हा खोडायचा खर्च त्यांना मान्य नव्हता. "आता एवढे दिवस थांबलो," ते म्हणायचे, "रंगाचा डबा काय पळून जात न्हाई."

किशन मिस्त्री पासष्टीच्या आसपासचे. अंगाने काटक, कान मोठे, आणि मान सतत जरा डावीकडे कललेली. मला आधी वाटलं मान आखडली आहे. ते बसून काम करायचे. एका लाकडी पाटाला खाली चार बेअरिंगं लावली होती. त्या पाटावर बसून ते गाडीच्या एका चाकाकडून दुसऱ्या चाकाकडे पायाने ढकलत जायचे. उभं राहून काम करणाऱ्या माणसाचा त्यांना भरवसा वाटत नसे. "उभा मानूस सारखा जायच्या तयारीत असतो," असं त्यांचं म्हणणं.

मी गेले तेव्हा मामाची पिकअप मागच्या डाव्या बाजूने जॅकवर होती. ही पिकअप जुन्या जीपच्या सांगाड्यावर बांधलेली, माझ्याहून वयाने मोठी. काचेवर निळ्या अक्षरांत 'जय भीम', मागे हजार लिटरची काळी टाकी. गावात नळाला वीस-वीस दिवस पाणी नव्हतं. मामा बोअरवर टाकी भरून गल्लोगल्ली द्यायचा आणि एक दिवसाआड टेकडीवरच्या वस्तीला न्यायचा. त्या चढावर मोठा टँकर वळत नसे, ही एवढी गाडीच जायची. उतरताना ती गेला महिनाभर डावीकडे ओढत होती. त्यात मधे चाक पंक्चर झालं, आणि पंक्चरवाल्याने नट खोलताना चाकाचे पाचातले दोन स्टड तोडले.

स्टड म्हणजे चाकाचे नट ज्यांच्यावर बसतात ते जाड बोल्ट. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी खुर्चीवर बसून पुस्तक उघडलं आणि त्याच्या वरून बघत राहिले.

"तू बालाजीची भाची ना?" मिस्त्री मान न वळवता म्हणाले.

"हो."

"राखणीला बसवलं का तुला?"

मी पुस्तकाचं पान उलटलं.

"बस, बस. मी चोर हाय का न्हाई ते संध्याकाळी सांग मला. मलाबी कळू दे." मग जरा वेळाने, "इंग्लिश मिडियम ना तू? इकडं ये. ह्या स्टडच्या डोक्यावर काय लिवलंय, वाच."

मी वाकून पाहिलं. गंजाखाली एक अक्षर कोरलेलं होतं. "एल."

"एल म्हंजे?"

"लेफ्ट. डावा."

"बघा," ते समोरच्या रस्त्याला उद्देशून म्हणाले, "पोरीनं एका दिवसात वाचलं. त्या पंक्चरवाल्याला बारा वर्सं झाले दुकान टाकून."

मग त्यांनी मला समजावलं. या जुन्या गाड्यांच्या डाव्या चाकांचे आटे उलटे असतात. चाक पुढे पळतं तसा नट सैल न होता घट्ट व्हावा, म्हणून. उजवीकडचा नट जसा खोलतात तसाच डावीकडचा खोलायला गेलं की तो आणखी आवळतो. पंक्चरवाल्याला वाटलं, गंजलाय. त्याने पान्याला लांब पाइप लावला आणि दोघांनी मिळून जोर केला. "नट म्हनून राहिला, मी दुसऱ्या अंगाचा हाय. आन हे म्हनून राहिले, तू अडेल हाय." मामा संध्याकाळी आला आणि मी दिवसभरात काय पाहिलं ते मला चारचौघांत विचारू लागला, मी नुसती मान हलवत होते, तेव्हा मिस्त्री म्हणाले, "बालाजी, ही बी डाव्या आट्याची हाय. जोर लावू नको, तुटंल." आयुष्यात माझ्या गप्प बसण्याचं इतकं समजूतदार स्पष्टीकरण कुणी दिलेलं नव्हतं.

त्यांच्या काही गोष्टी ठरलेल्या होत्या. हत्यारं भिंतीवर खिळ्यांना लटकलेली असायची, प्रत्येकाचा खिळा ठरलेला. कुणी गिऱ्हाइकाने एक पाना घेऊन दुसऱ्या खिळ्याला अडकवला तर एवढा शांत माणूस लाल व्हायचा. काम करताना ते गाडीशी बोलायचे, तेही बाळंतिणीशी बोलावं तसं हळू. चहा आला की आधी पेपर. म्हणजे वाचायची मी. ते बशी तोंडाजवळ धरून विचारायचे, "झाला का?"

"काय?"

"जिल्हा."

"नाही."

"मग पुढचं वाच." पुढचं म्हणजे कुठल्या धरणात किती पाणी राहिलं ते. तेही नाही म्हटलं की, "मग ठेव पेपर, चहा गार होऊन राहिला."

आणि चौथी गोष्ट म्हणजे त्यांचा नकार. मराठीतल्या 'न्हाई'वर घासाघीस चालायची. चार वेळा विचारलं तर 'न्हाई'चं 'बघू' व्हायचं. पण त्यांनी कानडीत 'इल्ला' म्हटलं की विषय संपला. हे सगळ्या नांदेड रोडला ठाऊक होतं. विष्णुपुरीला धरणाचं काम चाललं होतं तेव्हा ते तिथल्या वर्कशॉपला होते. एका साहेबाला म्हणे तासाभरात जीप हवी होती, वरचे कुणी पाहुणे यायचे होते. जीपचे ब्रेक लागत नव्हते. किशन मिस्त्री म्हणाले इल्ला. साहेबाला कानडी कळेना, तो ड्रायव्हरला गाडी काढ म्हणाला. तर मिस्त्रींनी तासाभरात चारी चाकांचे ड्रम काढले आणि साहेबाच्या केबिनच्या पायऱ्यांवर एकेक मांडून ठेवले. "मग?" मी विचारलं. "मग काय? साहेब बाहेर आला, पायऱ्या उतरायला जागा न्हाई. आतच बसला. पाहुणे चालत आले."

मामाच्या गाडीचा ड्रम मात्र तासाभरात निघणारा नव्हता. चाकाच्या आत जे जाड लोखंडी भांडं असतं, ज्याच्या आतून ब्रेक घासतो, तो ड्रम. मिस्त्रींनी मधली टोपी काढली, मोठ्या नटातली वाकवलेली पिन सरळ करून उपसली आणि लांब भिरकावली. "एकदा वाकली ती पिन परत घालायची न्हाई," ते म्हणाले. "नवी घालायची. पिन न्हाई तर नट फिरतो, नट फिरला तर चाक आपल्या वाटंनं जातं, आपन आपल्या वाटंनं." नट काढला, ड्रमला ओढून काढायचा तीन पायांचा पुलर लावून ताण दिला, सांध्यात डिझेल सोडलं, आणि हातोडीने ड्रमच्या कडेवर गोल गोल हळूच ठोकत राहिले. दहा ठोके, थांबायचं. पुन्हा ताण. पुन्हा दहा ठोके.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा आला तेव्हाही तेच चाललं होतं.

"मिस्त्री, घण घाला की एक. वस्तीवरचे लोक माझ्या दारात येऊन बसून राहिलेत."

"घण घातला तर ड्रम फुटंल."

"फुटू द्या. दुसरा आणतो."

"आतलं बी फुटंल."

"अहो पण पाणी..."

"इल्ला."

मामाने माझ्याकडे बघितलं, जणू ही भाषा मीच शिकवली होती. मग पाय आपटत गेला.

संध्याकाळी साडेपाचला टण्ण असा आवाज झाला आणि ड्रम सुटला. मिस्त्रींनी तो मांडीवर घेतला, पुसला, हबपासून, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यापासून, वेगळा करण्यासाठी उरलेले तीन स्टड मागून तांब्याच्या हातोडीने ठोकून बाहेर काढले. मग ड्रम एका बोटावर लटकवला आणि हातोडीने हलकेच वाजवला. देवळातल्या घंटेसारखा आवाज येईल असं मला वाटलं होतं. आला तो तडकलेल्या माठासारखा.

"चीर हाय," ते म्हणाले. "बघ."

मी पाहिलं. आतून, बाहेरून, मोबाइलचा टॉर्च लावून. "काही नाही, काका."

"हाय."

"कुठेच दिसत नाही."

"तुला दिसत न्हाई, मला ऐकू येऊन राहिली. रॉकेल आण ते."

त्यांनी ड्रमवर रॉकेल फिरवलं, कोरड्या फडक्याने पुसून काढलं, आणि माझ्याकडून खडू कुटून घेऊन त्याची भुकटी वरून चोळली. आम्ही दोघं बसून राहिलो. पाच मिनिटांनी पांढऱ्या भुकटीत केसाएवढी एक ओली रेघ उमटली, कडेपासून चार बोटं आत गेलेली. चिरेत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येत होतं.

"उमटली?" त्यांनी विचारलं.

"हो."

तेव्हा माझ्या मनात आलं, समोर मांडीवर तर आहे, मला कशाला विचारतात? पण तो विचार तेवढ्यावरच राहिला.

तिसऱ्या दिवशी मामा लातूरला ड्रम आणि स्टड आणायला गेला. ऊन चढलं तशी खुर्चीवरची सावली सरकली. मी ओढणी खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि उठून शेडच्या कोपऱ्यात, गाडीच्या मागे जाऊन उभी राहिले. मिस्त्री पाटावर बसून ब्रेकचे लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या, घासत होते. घासता घासता बोलू लागले. त्यांच्या मोठ्या बहिणीच्या लग्नात वऱ्हाडाच्या ट्रकचे ब्रेक गेले ती गोष्ट. गोष्ट मजेदार होती, नवरदेव गवताच्या गंजीत कसा घुसला वगैरे. पण ते ती खुर्चीला सांगत होते. ओढणी वाऱ्याने हलली की "हसू नको, खरं सांगून राहिलो," असं म्हणत होते.

मी त्यांच्यापासून पाच हातांवर, उजेडात, त्यांच्या नजरेसमोर उभी होते.

मी हसले नाही, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी घासणं थांबवलं, मान डावीकडे कलवली.

"कुठं हायस, माय?"

"इथे," मी म्हणाले.

त्यांनी कानस खिळ्याला अडकवली. खिळा त्यांना बरोबर सापडला. आता मला कळलं, का सापडायचा ते. पेपर, स्टडवरची अक्षरं, डब्यांवरची नावं. मला वाटलं होतं, बिचाऱ्यांना वाचता येत नाही, आणि त्याबद्दल मी मनातल्या मनात स्वतःला फार समंजस समजत होते.

"दोन वर्सं झाले," ते म्हणाले. "उजव्यात जरा उजेड हाय. डाव्यात नुसता धूर. मोतीबिंदू हाय, पिकलाय. डॉक्टर म्हनला, काढू, पन महिनाभर वाकायचं न्हाई, धूळ न्हाई, वजन न्हाई. मी म्हनलं, मग राहिलं काय? आन ह्या उन्हाळ्यात समद्या पाण्याच्या गाड्या माझ्याकडं. पाऊस पडू दे, मग बघू."

"लोकांना माहीत आहे?"

"कुनाला सांगू? शिलाई करनाऱ्याला दिसत न्हाई म्हनलं तर सदरा वाकडा होतो. ब्रेकवाल्याला दिसत न्हाई म्हनल्यावर कोन येईल?" मग हातातल्या लायनरवरून अंगठा फिरवत, "मामाला सांगनार?"

मी खुर्चीवरची ओढणी उचलून घेतली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. संध्याकाळी मामाचा लातूरहून फोन आला. "काही गडबड न्हाई ना? नीट बघून राहिलीस ना?" मी म्हटलं, हो. यात खोटं काही नव्हतं, पण रात्री जेवताना तेच डोक्यात होतं. त्या गाडीतून मामा एक दिवसाआड तो उतार उतरत होता, आणि आतल्या खोलीत त्याचं दहा दिवसांचं बाळ रडत होतं. मी ठरवलं, सांगायचं नाही, पण उद्या त्यांचे डोळे व्हायचं. प्रत्येक गोष्ट आपण बघायची. माझ्यासारखीला हा मार्ग बरा वाटला, कारण त्यात बोलावं लागत नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी नवा ड्रम वाजला तो खरंच घंटेसारखा. मामाने आणलेल्या पुडीत पाच स्टड, पाच नट आणि एक पिन होती. प्रत्येक स्टडच्या डोक्यावरचं अक्षर मी वाचलं, आणि त्यांनी तरीही आट्यांवरून नख फिरवून खात्री केली. मी हे दे, ते दे करत होते. पुस्तक घरीच राहिलं होतं. स्टड हबमध्ये ओढून बसवले, ब्रेकचे लायनर चढवले, ड्रम वर सरकला, मोठा नट आवळला. तेवढ्यात मामा आला, त्याच्याबरोबर वस्तीवरचा एक म्हातारा माणूस. म्हाताऱ्याने आल्या आल्या सांगितलं की वर चार दिवस पाणी नाही, जनावरं ओरडतायत, बायका खाली उतरून डोक्यावर हंडे नेतायत. तो रागावून बोलत नव्हता, त्यामुळे ऐकणं जास्त अवघड होतं. मिस्त्री त्याच्याशी बोलत बोलत काम करत होते. मामा चाक उचलून द्यायला वाकला आणि मी मागे सरले. टोपी बसली, चाक चढलं, नट उलट्या अंगाने आवळले गेले, जॅक उतरला. मामा आत बसून गाडी चालू करू लागला. इथून बोअर, बोअरवरून टाकी भरून थेट टेकडी.

मी खुर्ची बाजूला घ्यायला वळले आणि मला ती दिसली. ग्रीसच्या डब्याच्या झाकणावर, उन्हात चमकत, सरळ, न वाकवलेली पिन.

पहिली भिरकावलेली मी पाहिली होती. नवी एकच आली होती, तीही मी पाहिली होती.

"मामा," मी म्हणाले. इंजिनाच्या आवाजात ते मलाही ऐकू आलं नाही. गाडीने गिअर घेतला. मग मी काय केलं ते मला नंतर मामाच्या सांगण्यावरून नीट कळलं. मी पळत जाऊन गाडीच्या समोर उभी राहिले आणि बॉनेटवर दोन्ही हात आपटले.

"पिन राहिली," मी ओरडले. "पिन बसवलीच नाही."

इंजिन बंद झालं. "कसली पिन?" मामा खाली उतरला.

मिस्त्री पाटावरून उठले. "कुठं हाय?" ते म्हणाले.

"झाकणावर," मी म्हणाले, आणि त्याच क्षणी मला कळलं की मी काय केलं. ती उचलून मी त्यांच्या हातात द्यायला हवी होती. त्यांचा हात झाकणाकडे गेला आणि झाकणावर चाचपू लागला. डावीकडे, उजवीकडे, कडेने. पिन मधोमध, लख्ख उन्हात पडली होती. मामा बघत होता, म्हातारा बघत होता. तो हात तिला एकदा चाटून पुढे गेला, परत आला, आणि मग सापडली.

"मिस्त्री," म्हातारा हळू आवाजात म्हणाला, "दिसत न्हाई का तुम्हाला?"

"न्हाई," मिस्त्री म्हणाले.

मामाचा आवाज चढला. लेकरू दहा दिवसांचं हाय माझं, तुम्ही सांगायचं की, आंधळ्या हातानं ब्रेक करून राहिलात, उद्या मी वर मेलो असतो. त्याचं सगळं बोलून झाल्यावर मिस्त्री म्हणाले, "चाक खोल." चाक खोललं. मी टॉर्च धरला. त्यांनी पिन घातली, दोन्ही टोकं वाकवली, आणि मामाचा हात धरून त्या पिनेवर ठेवला. "बघ. डोळ्यानं बघ, मग हातानं बघ. आता चाक लाव." चाक लागल्यावर ते गाडीला हात लावत लावत पुढे गेले आणि ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसले.

"कुठं?" मामा म्हणाला.

"वर. टाकी भर. चढू आन उतरू. गेला तर दोघं जाऊ."

मी गॅरेजमध्ये एकटी थांबले. पावणेदोन तास. एक जीपवाला आला, मिस्त्री नाहीत का म्हणाला, मी नाही म्हटलं, तो खुर्चीवर बसला, मग उठून गेला. मी झाकणं पुसली. सगळी.

गाडी परत आली तेव्हा टाकी रिकामी होती आणि मामाच्या चेहऱ्यावरचा राग उतरलेला. वळणावर मधेच म्हैस आली होती म्हणे. "गाडी जागच्या जागी थांबली," मामा म्हणाला. "रेघेत. ओढली न्हाई."

"ओढनार कशी?" मिस्त्री खाली उतरत म्हणाले. "आता ऐक. उजवीकडचा ड्रम बी बघायला झालाय. तो मी करनार न्हाई. दुसऱ्याकडं ने."

मामाने घाम पुसला. "इल्ला," तो म्हणाला.

मिस्त्री थांबले.

"आधी डोळे करून या. मी थांबतो. तवर अर्धीच टाकी भरतो, दोन चकरा मारतो."

हे एवढ्यावर मिटलं असतं तर बरं झालं असतं. पण म्हातारा वस्तीवर गेला, वस्ती बाजाराला आली, आणि आठवड्यात नांदेड रोडभर झालं की किशनला दिसत नाही. दोन गाड्या अर्ध्या कामातून उचलून नेल्या. ज्या रस्त्यावर त्यांच्या 'इल्ला'ला मान होता तिथे आता कुणी विचारायलाच येत नव्हतं. मी रोज जाऊन पेपर वाचायची. राखण करायला गाडी नव्हती. मी माफी मागायचं तीनदा ठरवलं. तिसऱ्यांदा त्यांनीच मला अडवलं. "तू बोनेटवर हात मारला तेव्हा मला वाटलं, हा आवाज कुनाचा? मग कळलं तुझा हाय. बरा हाय की आवाज. वापरत जा." आणि मग, चहाची बशी खाली ठेवून, "नांदेडला दवाखाना चांगला हाय म्हनतात. तुला बसचा टाइम ठाऊक असंल."

जूनमध्ये, अजून आभाळ कोरडंच होतं, तेव्हा मी त्यांना घेऊन नांदेडला आले. बसमध्ये ते खिडकीजवळ बसले आणि कंधारपर्यंत ड्रायव्हरच्या ब्रेकबद्दल नापसंती दाखवत राहिले. रात्री आमच्या घरी मुक्काम केला. आईने विचारलं, काय जेवता? ते म्हणाले, कमी पाण्यात होईल ते.

ऑपरेशन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तेव्हा उजव्या डोळ्यावरची पट्टी नुकतीच काढली होती. ते कॉटवर बसले होते आणि सिस्टर त्यांना तंबी देत होती : वाकायचं नाही, महिनाभर वाकायचं नाही. मी जवळ गेले. त्यांनी उजव्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ.

"तू ती?"

"हो, काका."

"मला वाटलं होतं थोराड असशील. एवढं कमी बोलनारी बाई थोराड असते."

मामाचा फोन आला म्हणून मी स्पीकरवर लावला. "मिस्त्री, दिसून राहिलं का?" मामा ओरडला. "उजवीकडचा आवाज करून राहिलाय. पंधरा जनांनी म्हनलं खोलून देतो, मी हात लावू दिला न्हाई. कधी येता?"

"महिना हाय," मिस्त्री म्हणाले. "आन नट कुनाला खोलू देऊ नको. उजवीकडचे सरळे हायत म्हनून काय झालं."

फोन ठेवल्यावर त्यांनी हात मांडीवर घेतले आणि त्यांना हातच दिसले. उलटे केले, सुलटे केले. नखांच्या कडा, रेघा, मनगटापर्यंतचं काळं. दोन वर्षांचं ग्रीस आणि ब्रेकची धूळ, दुष्काळात जेवढी निघेल तेवढीच निघालेली.

"ह्या हातानं मी तुझ्या आईच्या ताटात जेवलो?" ते म्हणाले. "कुनी सांगितलं कसं न्हाई?"

ते उठले आणि वॉर्डाच्या कोपऱ्यातल्या बेसिनकडे चालत गेले, भिंतीला हात न लावता. सिस्टर मागून ओरडली, बाबा, वाकू नका. म्हणून ते ताठ उभे राहिले, कवायतीत उभं राहावं तसे, आणि हात पुढे लांब करून धुवायला लागले. नळ त्यांनी जेमतेम उघडला होता, दोऱ्याएवढी धार. साबण लावायचा, चोळायचं, धारेखाली धरायचं, एका डोळ्याने बघायचं, पुन्हा साबण. त्यांच्या मागे तोंड धुवायला थांबलेल्या माणसांची रांग दारापर्यंत गेली. कुणीतरी म्हणालं, बाबा, नळ मोठा करा की. त्यांनी मागे न बघता मान हलवली, नाही अशी, आणि डाव्या अंगठ्याचं नख घासायला घेतलं.